तपासणाऱ्याची सही

सकाळी सहाच्या बसने सासरे आणि सून एकत्र निघायचे. बसमध्ये ती त्यांना 'बाबा' म्हणायची. गेटवर ओळखपत्र दाखवून आत पाऊल टाकलं की ते 'मास्तर' व्हायचे, जसे ते सगळ्यांचेच होते. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, "आत मी तुझा सासरा नाही. चुकलीस तर सगळ्यांसमोर ओरडेन. मग घरी येऊन तोंड फुगवायचं नाही." तेरा वर्षांत ते तिच्यावर ओरडले असतील दोनदा. दोन्ही वेळा चूक तिची होती आणि दोन्ही वेळा तिने घरी येऊन तोंड फुगवलं होतं.

नौदलाच्या विमानतळामागे पॅराशूटची शेड होती. आत एक टेबल, इतकं लांब की या टोकाचं बोलणं त्या टोकाला ओरडून सांगावं लागे. त्यावर पॅराशूट पसरायचं, दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, कापडाच्या पाकळ्या एकीवर एक बसवायच्या, त्या हलू नयेत म्हणून शिशाच्या गोळ्यांच्या पिशव्या ठेवायच्या, आणि शेवटी ते एवढं मोठं धूड मांडीवर मावेल अशा पिशवीत कोंबायचं. 'कोंबायचं' हा शब्द मास्तरांना चालत नसे. "गाद्या कोंबतात," ते म्हणायचे. "आपण बसवतो."

माणसांची पॅराशूटं दुसऱ्या शेडमध्ये जायची. इथे यायची ती सुरुंगांची. विमानातून समुद्रात सुरुंग टाकतात तेव्हा तो दगडासारखा आपटू नये म्हणून त्याला छत्री लावतात. छत्री त्याला अलगद पाण्यावर आणते, सुटते, आणि सुरुंग तळाशी जाऊन बसतो. सरावाच्या सुरुंगात दारू नसे, वाळू आणि सिमेंट असे. वजन मात्र खऱ्याइतकंच, अर्धा टन. विमानांनी ते टाकायचे आणि सुरुंग शोधणाऱ्या जहाजांनी ते तळातून हुडकून काढायचे, असा तो सराव.

प्रत्येक छत्रीचं एक कार्ड असे. त्यावर बांधणाऱ्याची एक सही आणि तपासणाऱ्याच्या चार. बांधताना चार ठिकाणी थांबायचं, तपासणाऱ्याने जवळ येऊन डोळ्यांनी बघायचं, हाताने चाचपायचं, चौकोनात सही करायची, मगच पुढची घडी. मास्तरांच्या टेबलावर तीन वर्षांपासून तपासणारी होती त्यांची सून. नात्यातली माणसं एका टेबलावर नकोत असा नियम होता म्हणे, पण मास्तरांच्या बाबतीत तो कुणाला आठवला नाही. शेडमधल्या निम्म्या लोकांना दोरी धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांचे हात थरथरतात हे तिच्या लक्षात आलं ते घरी, वर्षभरापूर्वी. ते चहा निवल्यावर प्यायला लागले होते आणि कप अर्धाच भरून मागायला लागले होते. मग एकदा सुई ओवताना त्यांनी दोरा चार वेळा ओला केला आणि शेवटी सुईच पेटीत टाकून दिली. ती काही बोलली नाही. शेडमध्ये ते हात धुवायला गेले की ती दोऱ्यांवरून पटकन बोट फिरवून एखादी वाकडी गेलेली दोरी सरळ करून ठेवायची. ते परत येऊन बघायचे, आणि तेही काही बोलायचे नाहीत. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आठ महिने काय, निघून जातील, असं तिने मनाशी धरलं होतं.

सरावाच्या आदल्या दिवशी सेक्शनचे साहेब कागद घेऊन आले.

"विमानं चार दिवस सलग उडणार," ते म्हणाले. "दिवसरात्र, थांबायचं नाही. दर दहा मिनिटांनी एक उड्डाण. म्हणजे छत्र्यांचा पुरवठा तुटता कामा नये."

"छत्र्या आहेत किती?" मास्तरांनी विचारलं.

"आहेत तेवढ्याच. समुद्रातून परत येतील त्याच पुन्हा बांधायच्या."

मास्तर टेबलाच्या कडेला टेकले. "साहेब, खाऱ्या पाण्यातून आलेली छत्री गोड्या पाण्यात धुवायची, मनोऱ्यात टांगायची, चोवीस तास वाळवायची. मी केलेला नियम नाही हा."

"पंखे लावा."

"पंख्याने वरचं पाणी जातं. शिवणीतलं जात नाही."

"मास्तर," साहेब हसत म्हणाले, पण त्यांचे डोळे कागदावरच होते, "विमान तुमच्या शिवणीसाठी थांबत नसतं."

पहिला दिवस कोरड्या छत्र्यांवर निभावला. दुसऱ्या दिवशी ट्रक भरून ओली पॅराशूटं आली. त्यांत शेवाळ अडकलेलं, एकात तर छोटा खेकडा. तो बघून सगळे हसले आणि कुणीतरी त्याला साहेबांचं नाव दिलं. दुपारपर्यंत हसणं संपलं. मनोऱ्यात जागा उरली नाही. मोठे पंखे लावले, तरी कापड हाताला गार लागायचं. कार्डावर 'ओलावा' असा एक रकाना होता, त्यात मीटरचा आकडा लिहायचा. दुपारनंतर मीटर कुणी बाहेर काढलाच नाही. सगळ्या रकान्यांत एकच शब्द पडत गेला, 'कोरडे'. तिनेही तोच लिहिला.

डोक्यावरून विमानं जात राहिली. शेडचा पत्रा थरथरायचा, शिशाच्या पिशव्या टेबलावर किंचित सरकायच्या. विमान डोक्यावर असताना बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. घरी गेल्यावरही कानांत तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मास्तर त्यांची त्या दिवशीची नववी छत्री बांधत होते. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुढची छत्री पसरत होती. खरं तर एका वेळी एकच टेबलावर हवी, पण त्या दिवशी दोन-दोन होत्या. मास्तरांनी दोऱ्यांचा जुडगा हातात घेतला, आणि लांबूनच तिला दिसलं की त्यांचा उजवा हात नुसता थरथरत नाहीये, उडतोय. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरलं. डाव्या हाताने दोऱ्या ओढल्या. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"बघतेस का?" ते ओरडले.

वीस पावलं टाकायची होती फक्त. पलीकडच्या टेबलावरचे दोघं मोकळे उभे राहून इकडेच बघत होते. तिने जाऊन दोऱ्या चाचपल्या असत्या आणि चूक सापडली असती, तर छत्री सगळ्यांसमोर पुन्हा उलगडावी लागली असती. मास्तरांची बांधलेली छत्री. असं कधी झालं नव्हतं.

"ठीक आहे मास्तर, घ्या पुढे," ती तिथूनच ओरडली.

नंतर कार्ड तिच्याकडे आलं तेव्हा तिने चारही चौकोनांत एकदम सह्या केल्या.

साडेचारच्या आसपास एक विचित्र गोष्ट झाली. सगळ्यांनी माना वर केल्या आणि का केल्या ते कुणालाच कळेना. मग कळलं. आवाज बंद झाला होता. तीन दिवस डोक्यावर घुमत होता तो आवाज नव्हता, आणि पंख्यांची घरघर पहिल्यांदाच ऐकू येत होती.

पाच वाजता साहेब आले. त्यांच्याबरोबर दोन अनोळखी अधिकारी होते. त्यांनी त्या दिवसाची सगळी कार्डं मागितली, एक बाजूला काढलं आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

काय झालं ते घरी नवऱ्याकडून कळलं. तो बंदरात, जहाजं ओढणाऱ्या बोटींवर मेकॅनिक होता, आणि बंदरात बातमी आधीच पोचली होती. एक छत्री उघडली ती अर्धीच. एक दोरी कापडावरून पलीकडे गेली होती, त्यामुळे कापड मधोमध आवळलं गेलं. सुरुंग तिरका होऊन भलतीकडेच खाली आला. खाली छत्र्या गोळा करणारी बोट उभी होती, नेहमीपेक्षा बरीच जवळ, कारण छत्र्या लवकर परत आणायच्या होत्या. अर्धा टन सिमेंट बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, आदळलं. दोघं पाण्यात उडाले, त्यांना खरचटलं एवढंच. बोट चालवणारा तांडेल मात्र आत अडकला.

"पाय गेला त्याचा," नवरा म्हणाला. "गुडघ्याच्या वरून कापला. माझ्यापेक्षा लहान आहे." मग त्याने बापाकडे बघितलं. "कुणाची छत्री होती?"

मास्तर ताटावर बसले होते. "कापड ओलं होतं," ते म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं. चार माणसांसमोर सांगितलं होतं."

"तुमची होती?"

"कापड ओलं होतं म्हणतोय ना!" त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. नवऱ्याने बायकोकडे बघितलं. तिने भांडी गोळा करायला घेतली.

अपघातानंतर पाचव्या दिवशी ती इस्पितळात गेली. कुणाला सांगून गेली नाही. का चाललो आहोत हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. तांडेल खिडकीजवळच्या खाटेवर होता. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला माणूस. चादर एका बाजूला उंच होती आणि दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट झाली होती. खाटेजवळच्या टेबलावर फळांच्या चार पिशव्या होत्या, चारही न उघडलेल्या.

"तुम्ही कुठल्या विभागाच्या?" त्याने विचारलं.

"स्टोअर्स," ती खोटं बोलली.

"बसा. सगळे येतात. मोठे साहेब येऊन गेले, त्यांचे मोठे साहेब येऊन गेले. फळं ठेवतात, शूर आहेस म्हणतात." त्याने एक पिशवी हाताने जरा लांब सरकवली. "ताई, मी बोट उभी करून सिगारेट काढत होतो. यात शूर काय? मी विचारतो, झालं काय होतं नेमकं? तर म्हणतात चौकशी चालू आहे. माझा पाय आहे, आणि मलाच सांगत नाहीत."

ती पाच मिनिटं बसली आणि उठली. 

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. एका लांब खोलीत तीन अधिकारी बसले होते. प्रमुख एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या, हळू बोलणाऱ्या. टेबलावर ती छत्री पसरलेली होती. कापडावर दोरी घासल्याची काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, जळल्यासारखी. मास्तरांना आधी विचारलं. ते ताठ उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, एकात एक घट्ट अडकवलेले.

"अडतीस वर्षं बांधतोय," ते म्हणाले. "माझी दोरी कधी चुकलेली नाही. कापड ओलं होतं. ओलं कापड चिकटतं."

"कार्डावर 'कोरडे' लिहिलंय."

"ते सगळ्यांच्या कार्डांवर लिहिलंय मॅडम. तसं लिहायला कुणी लावलं ते विचारा."

कोपऱ्यात बसलेल्या साहेबांनी पायावरचा पाय बदलला. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि सुनेकडे वळल्या.

"चारही टप्प्यांवर तुम्ही तपासलंत?"

'हो' म्हटलं असतं तर पुढचं सोपं होतं. सगळा भार ओल्या कापडावर गेला असता, आणि तेही काही खोटं नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलंही नाही, इतकी त्यांना तिच्या उत्तराची खात्री होती.

"नाही," ती म्हणाली. "कापड ओलं होतं हे खरं आहे. मीच 'कोरडे' लिहिलं. पण तपासलं नाही. चारही सह्या मी नंतर एकदम केल्या."

"वेळ नव्हता म्हणून?"

"वेळ नव्हताच. पण तिथवर जायला वीसच पावलं लागतात."

"मग का नाही तपासलंत?"

 तिचा आवाज नको तितका मोठा निघाला. "बघितलं असतं तर दिसलं असतं, मॅडम. त्यांचे हात थरथरतात. वर्षभर. मला माहीत होतं. मी दोऱ्या गुपचूप नीट करत होते. त्या दिवशी तेही केलं नाही."

 बाईंनी मास्तरांना सांगितलं, "हात पुढे करून दाखवता का?"

मास्तरांनी हात पुढे केले नाहीत. "गरज नाही," एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते पुढच्या बाकावर बसले. ती मागे बसली. दोघांच्या मध्ये पाच बाकं रिकामी होती.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ नखं कुरतडत राहिला.

"मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुला दिसत नव्हतं? एकाच घरात राहतो आपण."

"दिसत होतं." तो उठला. "पण म्हणून परक्यांसमोर? त्या खोलीत? अडतीस वर्षं ज्या माणसाने... तू माझ्या बापाला उघडं पाडलंस."

"आणि तो तांडेल?"

"त्याचा पाय तू सांगितल्याने उगवणार आहे का?"

 त्यानंतर त्या घरात तिघं जेवायची, पण एकेकटी.

महिन्याभराने निकाल आला. तिची बदली कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली. गणवेशाची मापं घ्यायची, बूट द्यायचे. पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, तपासणीची सही करण्याचा अधिकार कायमचा रद्द. मास्तरांना वैद्यकीय कारणावरून लगेच निवृत्त केलं. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. साहेबांनी ठरवला होता, पण मास्तरांनी निरोप धाडला की माझे बूट आणि चष्मा तेवढा घरी पाठवा. ओल्या कापडाबद्दल अहवालात एक परिच्छेद होता. पुढल्या वेळी जास्त छत्र्या ठेवाव्यात, असं त्यात सुचवलं होतं. सराव यशस्वी झाल्याचं पत्रक सूचनाफलकावर लागलं.

निकाल लागल्यावर ती पुन्हा इस्पितळात गेली. तांडेल आता चाकाच्या खुर्चीत व्हरांड्यात बसलेला होता. ती उभ्यानेच बोलली. तेव्हा 'स्टोअर्स' म्हणाले ते खोटं होतं, हेही सांगितलं. तपासणारी मी, बांधणारे माझे सासरे, मी तपासलं नाही, असं सरळ. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरं झालं सांगितलंत," तो शेवटी म्हणाला. त्याने खुर्चीचं चाक थोडं मागे घेतलं. "मला वाटत होतं, कळलं की राग येईल. राग आला की बरं वाटेल. तसं काही होत नाहीये." आणि अगदी नरम आवाजात, "ताई, आता पुन्हा येऊ नका."

ती गेली नाही. पुढे कधीतरी ऐकलं की त्याला बंदराच्या टेलिफोन खोलीत घेतलंय.

मास्तर तिच्याशी बोलायचे थांबले. हवं-नको मुलाला सांगायचे. दिवसभर खिडकीजवळ बसायचे. विमान गेलं की आवाजावरून कुठलं ते ओळखायचे, आणि कुणाला सांगायचे नाहीत. हिवाळा गेला. एका सकाळी ती कामावर निघाली असताना ते दारात आले. सदरा अर्धवट खोचलेला, नुकत्याच दाढी केलेल्या हनुवटीवर दोन ठिकाणी कापल्याच्या खुणा.

"आज रजा टाकता येईल?" त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत तिला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. "डॉक्टरकडे जायचंय. तो येतो म्हणालाय, पण त्याच्यासमोर मला... तूच चल."

दवाखान्यात गर्दी होती. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले, आणि नंबर लागला तेव्हा ती बाहेरच थांबत होती. त्यांनी मानेने आत बोलावलं.

डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले. या वेळी त्यांनी केले. दोन्ही हात टेबलावर, उघड्या उजेडात, आपापल्या तालाने हलत राहिले. ती नजर वळवणार होती, पण तिने वळवली नाही.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"वर्ष... दीड वर्ष झालं असेल," ती म्हणाली.

"चार वर्षं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "चार?"

"चार वर्षं होत आली. आधी डाव्या हाताचं एकच बोट होतं. मी ते दोऱ्यांत धरून ठेवायचो." ते डॉक्टरांशी बोलत होते, पण बघत होते टेबलाच्या कडेकडे. "हिला माझ्या टेबलावर मीच मागून घेतली. तीन वर्षांपूर्वी. साहेबांना सांगून. म्हटलं, घरचं माणूस आहे, सांभाळून घेईल."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. त्यांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

तिला कळलं.  तिला राग आला, आणि त्याच वेळी त्या हलणाऱ्या हातांवर आपला हात ठेवावासा वाटला. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद तिच्याकडे दिला, सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणाआधी. याने थांबणार नाही, म्हणाले, फक्त सावकाश होईल.

बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानात रांग होती. ती रांगेत उभी राहिली. मास्तर तिच्या मागे उभे राहिले, हात सदऱ्याच्या खिशांत घालून, आणि रांग सरकली की दोघंही एकेक पाऊल पुढे सरकत राहिले.